पाठीवर मावेल एवढंच

ऑर्लिनने ते आमच्या अंगणात येऊन सांगितलं, तेही ट्रकमधून न उतरता. काच खाली केलेली, इंजिन चालूच.

"आर्डिस, यंदा उत्तरेकडच्या ओकवर ब्रॅडी बसेल. तुझ्यासाठी मक्याच्या कडेला झोपडी उभी केलीय. आत हीटर आहे, गादीची खुर्ची आहे. मजेत बसशील."

ऑर्लिन हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ आणि ब्रॅडी त्याचा जावई. ते ओकचं झाड होतं ऑर्लिन-आर्डिसच्या वडिलांच्या रानातलं. म्हातारा गेला आणि रान ऑर्लिनच्या नावावर झालं, पण त्या ओकवरचं मचाण आर्डिसचं, हे घरात सगळे धरूनच चालायचे. तसं लिहून कुणी ठेवलं नव्हतं. दर शरदात ती हरणाच्या शिकारीला धनुष्य घेऊन तिथे बसायची, माझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासून.

आर्डिस टोमॅटो तोडत होती. हातातली पाटी तिने खाली ठेवली. "का?"

"का म्हणजे? खांद्याचं ऑपरेशन झालंय तुझं. साठी उलटलीय. त्या शिडीवरून चढणार कशी तू? आणि बाबांचं काय झालं ते मी तुला सांगायला नको."

बाबांचं झालं होतं ते असं. त्यांच्या जुन्या लाकडी मचाणाची फळी कुजली होती. एका नोव्हेंबरात ती पायाखालून गेली आणि म्हातारा पाठीवर आपटला. संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होता. वाचला, पण पुढे चाकाच्या खुर्चीतून उठला नाही.

"झोपडीत मी बसणार नाही," आर्डिस म्हणाली.

"मग कुठे बसशील?"

"सरकारी रानात. नदीच्या खोलगटात."

ऑर्लिन हसला. वाईट हसला असं नाही, लहान मुलाला हसतात तसा. "तिथे मचाण झाडावर ठेवून यायला बंदी आहे, बाई. रोज पाठीवर न्यायचं, रोज पाठीवर आणायचं. तेवढं लोखंड तू उचलणार?" काच वर गेली आणि ट्रक निघून गेला.

ती तशीच शेडमध्ये गेली. आमचं जुनं टांगायचं मचाण भिंतीला अडकवलेलं होतं, पत्र्याच्या खुर्चीसारखं, पट्ट्यांसकट. ते तिने पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. मी दारात उभा होतो. उजवा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. तिने पुन्हा करून बघितलं. मग मचाण खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "वेंडेल, हे भंगारात दे."

"म्हणजे झोपडीत बसतेस?"

"म्हणजे हे भंगारात दे."

सॅडल हा शब्द मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. घोड्याचं खोगीर मला माहीत होतं, हे वेगळंच. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा जाळीचा पट्टा. झाडावर चढायचं, खोडाला दोर बांधायचा, तो पट्ट्याला अडकवायचा आणि पाय खोडाला टेकवून मागे रेलायचं. मचाण नाही, खुर्ची नाही, माणूसच टांगलेला. नातवाला झोक्यात बसवतात तसं दिसतं, असं मी म्हणालो. त्यावर आर्डिसने मला त्या रात्रीची भांडी घासायला लावली.

नदीकाठच्या शहरात या सामानाचं एक दुकान आहे. तिथला माणूस चांगला होता, पण बोलायचा माझ्याशी.

"तुमच्या मॅडमना जमिनीवरचा तंबू जास्त सोयीचा पडेल, सर. या वयात..."

"मॅडम इथे उभी आहे," आर्डिस म्हणाली. "तो पट्टा खाली काढ."

दुकानात नमुन्यादाखल तुळईला दोर बांधून ठेवला होता. आर्डिस त्यात टांगून बसली ती उतरेचना. गिऱ्हाइकं येत होती, बघून जात होती. आधी जाड गादीचा पट्टा, मग दोन भागांचा, मग पातळ जाळीचा. जाड पट्टा सगळ्यात मऊ होता, मीही हात लावून बघितला. तिने त्याची घडी घालायचा प्रयत्न केला. घडी झाली ती उशीएवढी. पातळ जाळीचा पट्टा मुठीत दाबला की पावाच्या लादीएवढा होत होता.

"हा काचेल तुम्हाला," दुकानदार म्हणाला. आता तो तिच्याशी बोलत होता.

"काचू दे. काचलं तर मी हलेन. पाठीवरचं ओझं मला हलून कमी करता येणार नाही."

त्याने मग एकेक वस्तू पुढे मांडायला सुरुवात केली. पाठीला टेकायची पट्टी, गुडघ्यांच्या गाद्या, धनुष्य अडकवायचे हात, झाडाला लावायचं छप्पर. प्रत्येकाला तिचे दोनच प्रश्न. घडी केवढी होते? आणि हे नसलं तर मी पडेन का? पडणार नसेल तर ती वस्तू बाजूला. गुडघ्यांची गादी तिने एकच घेतली, उजवीच. डावा गुडघा चांगला आहे म्हणाली.

दोराला मात्र तिने हात आखडला नाही. खोडाचा दोर आणि चढताना कमरेभोवती घ्यायचा दोर, विजेच्या खांबावर वायरमन घेतो तसा, हे दोन्ही तिने दुकानातले सगळ्यात चांगले घेतले. पिळून बघितले, गाठ सरकवून बघितली, तिच्यावर सगळा भार टाकून बघितला. "इथे हलकं नको," ती म्हणाली.

चढायला शिडीचे सुटे तुकडे मिळतात. एकेक तुकडा खोडाला बांधत वर जायचं. लोक चार नेतात. तिने आखूड तीन घेतले आणि खालच्या टोकाला बांधायला दोराची एक रिकीब. उजवा हात वर जात नाही तर तुकडे जवळजवळ बांधायचे आणि मधलं अंतर रिकिबीत पाय घालून काढायचं, असा तिचा हिशोब होता.

"मग फार उंच जाणार नाही तुम्ही," दुकानदार म्हणाला.

"उंच कशाला? मचाणावरचा माणूस उघडा असतो म्हणून उंच बसतो. मी खोडामागे असेन."

त्याने पाय ठेवायचे पाट दाखवले. झाडाला आवळून बसवायचा, धातूचा, जेवायच्या ताटाहून लहान असा एक होता. तो तिने उचलला आणि मान डोलावली. तेवढीच तिची चूक झाली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं आणि कणकेच्या वजनकाट्यावर एकेक तोललं. मी ट्रॅक्टरच्या आणि बोटीच्या गाद्या शिवतो, तोच माझा धंदा. तिने मला कामाला लावलं. शिडीचे तुकडे एकमेकांवर आपटले की घंटेसारखे वाजायचे. मी सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांना गुंडाळली. दोरांसाठी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या शिवल्या. पाट आणि तुकडे एकात एक बसवून पाठीला घट्ट बसतील अशी पट्ट्यांची जुळवणी केली. सगळं मिळून शाळेच्या दप्तराहून मोठं दिसत नव्हतं.

भांडण झालं ते खाण्यापिण्यावरून.

"थर्मास ठेव," मी म्हणालो.

"नाही मावत."

"आर्डिस, तेव्हा नोव्हेंबर असेल. दिवसभर टांगून घेणार तू कॉफीशिवाय?"

"कॉफी प्यायली की उतरावं लागतं. तू उतरणार आहेस का माझ्याऐवजी?"

"फोन?"

"फोन कशाला? झाडावरून कुणाशी गप्पा मारू?"

"फोन नेणार नसलीस तर मी नदीवर येऊन शेकोटी पेटवून बसेन. तुझी सगळी हरणं दुसऱ्या जिल्ह्यात जातील."

मग फोन आत गेला. थर्मास बाहेरच राहिला.

सराव तिने घरापुढच्या मेपलवर केला. आमच्या मागे चार चांगली झाडं आहेत, पण तिला पुढचंच पाहिजे होतं, रस्त्यावरचं. मी म्हणालो लोक बघतील. बघू देत, म्हणाली.

लोकांनी बघितलं. दुधाच्या टँकरवाल्याने भोंगा वाजवला. पाद्रीबाईंनी गाडी थांबवून मला हळूच विचारलं, कुणाला फोन करू का. वर आर्डिस रिकिबीत पाय घालते, कमरदोर सरकवते, तुकडा बांधते, पुन्हा चढते. पहिल्या दिवशी तिला इतका वेळ लागला की माझं गवत कापून झालं. पण तो लहान पाट तिला भोवला. अर्ध्या तासात पाय बधिर झाले, उतरताना टाच टेकेना. खाली आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"सोडून दे म्हणू नकोस," ती म्हणाली.

"मी काही म्हटलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ती शहरात गेली आणि पाट बदलून एक माप मोठा घेऊन आली. वजन वाढलं. ते भरून काढायला तिने सुरी लहान केली, जास्तीचा स्वेटर काढला आणि पिशवीच्या लटकत्या पट्ट्यांची टोकं कात्रीने उडवली.

ती नव्या पाटावर टांगलेली असताना ऑर्लिन आला. या वेळी तो ट्रकमधून उतरला.

"खाली ये, आर्डिस. लोक बोलतायत."

"काय बोलतायत?"

"की म्हाताऱ्या क्वामेंची पोरगी लंगोट बांधून झाडाला लटकते."

"बरोबर बोलतायत," वरून उत्तर आलं. "त्यांना म्हणावं, येऊन बघायचं असेल तर चारनंतर या. तोवर मी बाण मारत असते."

ऑर्लिन माझ्याकडे वळला. "वेंडेल, तू नवरा आहेस ना?"

"आहे की," मी म्हणालो. "पिशव्या मीच शिवल्या."

नदीच्या खोलगटात ती एकटीच फिरून आली. सरकारी रान ऑर्लिनच्या कुंपणाला लागूनच सुरू होतं, पण आमच्या बाजूने जायचं तर नदीची एक फाट कॅनोने, छोट्या होडीने, ओलांडावी लागते, म्हणून फारसं कुणी जात नाही. गवत आणि पाण्याच्या मधून हरणांची एक वाट जाते. त्या वाटेवर तिला एक लोखंडी शिडीचं मचाण दिसलं, सरळसोट झाडाला साखळीने बांधलेलं, वर पाटी: खासगी, दूर राहा. पाटीवरचं अक्षर तिने ओळखलं. कुंपणाच्या या बाजूला, सरकारी झाडावर, ऑर्लिनने ते कधीचं बांधून ठेवलेलं होतं.

वाटेवर जरा पुढे, वारा बरोबर येईल अशा जागी, एक वाकडं मेपल होतं. बुंध्यापासून तिरकं गेलेलं, मध्ये गाठ, वर दोन फांद्या. त्यावर कुठलंच मचाण सरळ बसलं नसतं. आर्डिसने तेच निवडलं.

पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलं, आणि ब्रॅडीनेही नंतर तसंच सांगितलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उजाडायच्या आत ती चढून बसली. फटफटलं तसे कुंपणाकडून दोघं आले. ऑर्लिनच्या हातात गादी आणि छोटा हीटर, मागे ब्रॅडी. सासऱ्याला त्या लोखंडी मचाणावर बसवून तो ओककडे जाणार होता.

"आर्डिस आत्या आली असेल का आज?" ब्रॅडीने विचारलं.

"ती कसली येते," ऑर्लिन म्हणाला. "रस्त्यावर तमाशा केला चार दिवस, झालं. आता घरात शेगडीपाशी बसली असेल."

"हळू बोल, ऑर्लिन," आवाज आला. "हरणांना कान असतात."

ब्रॅडीने गोल फिरून बघितलं. त्याला कुणी दिसलं नाही. मग वाकड्या मेपलच्या खोडामागून एक बूट हलला आणि तो हसायला लागला. ऑर्लिन हसला नाही.

"खाली ये."

"का?"

"ही माझी जागा आहे."

"पाटी तुझी आहे. जागा सगळ्यांची. वडिलांचं रान तुझं झालं, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. आता सरकारचंही तुझंच का?"

"मी भांडायला आलो नाही. पडलीस म्हणजे?"

"नाही पडणार."

"बाबाही हेच म्हणायचे."

त्यावर आर्डिसने धनुष्य फांदीला अडकवलं, दोन्ही हात सोडले आणि मागे रेलली, पार आडवी होईपर्यंत. दोर कुरकुरला आणि ताठ झाला. ती तशीच त्यांच्या डोक्यावर अधांतरी राहिली.

"बाबांच्या कमरेला दोर नव्हता," ती म्हणाली. "माझ्या आहे. बघ नीट."

ऑर्लिनने मान फिरवली. त्या संध्याकाळी बाबा त्यालाच सापडले होते. आर्डिसला ते ठाऊक होतं, आणि बोलून झाल्यावर तिला वाईटही वाटलं. पण शब्द तिने मागे घेतला नाही. सरळ झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू घाबरतोस ते मला कळतं. पण तुझी भीती माझ्या पाठीवर देऊ नकोस. तेवढं मला मावत नाही."

ऑर्लिन गादी आणि हीटर उचलून कुंपणाकडे परत गेला. ब्रॅडी रेंगाळला.

"आत्या, मांड्या दुखत नाहीत?"

"दुखतात. जा आता, मला काम आहे."

एवढ्या बोलण्यानंतर सकाळ वायाच गेली होती. दुसरा कुणी असता तर उतरला असता. ती दिवसभर राहिली. वारा नदीवरून येत होता. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार टाकायचा, पट्टा थोडा वर, थोडा खाली, गुडघा टेकवायचा, काढायचा. दुपारी बोटं इतकी गारठली की तिने ती काखेत धरून ठेवली. कॉफी आणायला हवी होती, हे तिने मला ख्रिसमस उलटल्यावर कबूल केलं.

ऊन कलल्यावर हरीण आलं, पण वाटेवरून नाही. तिच्या पाठीमागून, पाण्याच्या बाजूने आलं. मोठी, भरलेली मादी. मचाणावर असती तर उठून वळावं लागलं असतं आणि सगळं संपलं असतं. आर्डिसने पाटावर पाऊल फिरवलं, गुडघ्याने खोडाला हळूच रेटा दिला आणि दोरावरून खोडाच्या पलीकडे गेली, दार बिजागरीवर फिरावं तशी. धनुष्य ताणताना खांदा आतून जळला. डॉक्टरांनी सांगितल्यावर ताण तिने उन्हाळ्यातच कमी करून घेतला होता, कोपर खाली ठेवून ओढायला शिकली होती. मादीने मान खाली घातली. बाण सुटला.

हरीण फाटेच्या दिशेने पळालं आणि गवतात आडवं झालं. तिला ते वरून दिसलं. ती लगेच उतरली नाही. हरीण आता हलत नाही याची खात्री होईपर्यंत टांगून राहिली, मग एकेक तुकडा सोडत खाली आली. जवळ गेल्यावर गुडघ्यावर बसून तिने हरणाच्या मानेवर हात ठेवला. तिथे ती काय म्हणाली ते तिने मला सांगितलेलं नाही. पोट तिथेच साफ केलं, सामान पाठीला लावलं आणि धनुष्य वर ओढायच्या दोरीने हरीण ओढत कॅनोपर्यंत आणलं. थोडं ओढायचं, थांबायचं, थोडं ओढायचं.

मी ट्रक घेऊन धक्क्यावर उभा होतो. ऑर्लिनही आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कॅनो काठाला लागली तेव्हा जेमतेम दिसत होतं. त्याने आत वाकून बघितलं.

"एवढं सगळं करून मादी?"

"शिंगं खायला मला कधी आवडली नाहीत," आर्डिस म्हणाली. ती चिखलाने माखली होती, ओठ निळे पडले होते. मी हात पुढे केला, तो तिने धरला. ऑर्लिनने केला, तो तिला दिसला नाही, किंवा तिने दिसू दिला नाही.

"ऑर्लिन, ती साखळी आणि शिडी रविवारपर्यंत काढ."

"आणि नाही काढली तर?"

"तर मी वनरक्षकाला घेऊन जाईन. तुझ्यामागे नाही, तुला सांगून. आत्ता सांगतेय."

"भावावर तक्रार करशील?"

"भावाला सांगतेय की करायला लावू नकोस."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं. ओक परत घे. ब्रॅडीला झोपडीत बसवतो."

"नको."

"नको? त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय ना?"

"आधी त्याच्यासाठी होतं," आर्डिस म्हणाली. "आता ब्रॅडीला बसू दे. त्याला म्हणावं दोर बांध."

"मग तुला पाहिजे तरी काय?"

"तुझ्याकडून? काही नको. उद्या येऊन मांस घेऊन जा. मागचा पाय देईन."

शिडी रविवारी निघाली. झाडाची साल साखळीवर वाढली होती, ऑर्लिन आणि ब्रॅडीला सबंध दिवस करवत आणि कटर घेऊन झगडावं लागलं. आर्डिस बघायला गेली नाही. मी गेलो, पण हात लावला नाही. ऑर्लिनही मला लाव म्हणाला नाही.

मागचा पाय न्यायला तो आला नाही, ब्रॅडी आला. थँक्सगिव्हिंगला दर वर्षी आम्ही त्यांच्याकडे जातो, यंदा आर्डिसने कळवलं की जेवण आमच्याकडे. ते येतील की नाही याची मला खात्री नव्हती. सगळे आले. आर्डिसने हरणाचं सॉसेज केलं होतं. ऑर्लिनने न विचारता दुसऱ्यांदा घेतलं. झाडाचा विषय त्याने काढला नाही. तिनेही काढला नाही, पण जेवणाआधी बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवर तो पट्टा दोरांसकट सगळ्यांना दिसेल असा टांगून ठेवला होता. कोट ठेवायला प्रत्येकाला तो बाजूला सारावा लागला.

डिसेंबरात पहिला जाड बर्फ पडला. बंदुकीचा हंगाम संपून बंदुकवाले घरी गेले होते, रान मोकळं झालं होतं. सकाळी उठलो तर ती टेबलापाशी होती. लोकरीची बनियन की जाड पायमोजे, यांतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे चाललं होतं. बनियन राहिली. कॅनो चालणार नव्हती, फाट गोठली होती, म्हणून या वेळी चालत जायचं होतं, जास्त लांब.

"कुठल्या झाडावर?" मी विचारलं. "म्हणजे मला माहीत असावं."

"त्या वाकड्या मेपलच्या पुढे," ती बुटांच्या नाड्या आवळत म्हणाली. "पुढे मी अजून गेलेली नाही. बघते."

आणि पाठीवर सामान घेऊन ती गेली.